सिग्नल आला म्हणजे अट पूर्ण झाली, असं नाही

सोलापुरात सी ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकणाऱ्या मुलांच्या वह्यांत एक समज वर्षानुवर्षं उतरत आलाय: कंडिशन व्हेरिएबलवर (एखादी अट पूर्ण होईपर्यंत वाट पाहायची सोय) झोपलेला थ्रेड (प्रोग्रॅममध्ये इतरांसोबत चालणारा कामाचा एक धागा) जागा झाला की अट खरी असतेच, म्हणून ती एकदाच तपासणारं ‘इफ’ पुरतं. हे चूक आहे.

मागावरचा कामगार कांड्यांची वाट पाहतोय. “कांड्या आल्या” अशी हाक येते, पण तो पोचेपर्यंत शेजारच्याने टोपली रिकामी केलेली असते. इथेही तेच होतं; ती हाक म्हणजे सिग्नल. जागा झालेल्या थ्रेडला म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडच्या हातात असणारं कुलूप) पुन्हा मिळवावा लागतो आणि तेवढ्यात तिसरा थ्रेड रांगेतलं काम उचलू शकतो. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांच्या १९७४ च्या मॉनिटरमध्ये (कुलूप आणि वाट पाहणं एकत्र बांधणारी रचना) सिग्नलनंतर ताबा थेट झोपलेल्याकडे जायचा, तिथे ‘इफ’ चाललं असतं. पॉझिक्स हे युनिक्ससारख्या प्रणालींचं मानक तशी हमी देत नाही. उलट सिग्नल नसतानाही जाग येऊ शकते, हे ते स्पष्ट सांगतं. म्हणून जाग आल्यावर दरवेळी अट पुन्हा तपासणारा ‘व्हाइल’च हवा, आणि अट तपासताना म्युटेक्स हातात हवा.

आणखी एक, आणि हे मला जास्त छळतं: सिग्नल साठून राहत नाही. कुणी वाट पाहत नसेल तर तो वाया जातो. म्हणून खरी स्थिती वेगळ्या, साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि ती म्युटेक्स धरूनच बदला.