आंतरदेशीय दत्तक : पालकांचा भारतप्रवास

एका देशातील मूल दुसऱ्या देशात राहणाऱ्या कुटुंबाने दत्तक घेणे म्हणजे आंतरदेशीय दत्तक. भारतातून असे दत्तक घेताना शेवटच्या टप्प्यात पालकांना स्वतः भारतात यावे लागते, संस्थेतून मूल ताब्यात घ्यावे लागते आणि त्याला सोबत घेऊनच परतावे लागते. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ५९ मध्ये तशी तरतूद आहे : मुलाचा पासपोर्ट व व्हिसा तयार झाला की पालकांनी विशेष दत्तक संस्थेतून मूल व्यक्तिशः स्वीकारावे. ही अट वरवर कार्यालयीन वाटते. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने मात्र भारतीय दत्तक व्यवस्थेतील ती सर्वांत माणुसकीची सुधारणा आहे, कारण पूर्वी हा प्रवास मुलाला पालकांविना करावा लागे.

पूर्वीची पद्धत

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापासून भारतातील अनाथ व सोडून दिलेली मुले स्वीडन, नेदरलँड्स, जर्मनी, अमेरिका अशा देशांत दत्तक जाऊ लागली. परदेशी दांपत्याला भारतात रीतसर दत्तक घेण्याची सोय तेव्हा नव्हती. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा फक्त हिंदूंना (आणि कायद्याने त्यांत धरलेल्या बौद्ध, जैन व शिखांना) लागू होता. त्यामुळे १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाकडून पालकत्व मिळवायचे, मूल देशाबाहेर न्यायचे आणि तिकडच्या कायद्याने तिकडे दत्तक पूर्ण करायचे, असा रस्ता पडला. पालकांच्या वतीने अर्ज येथील मुखत्यार करी. पालक आलेच पाहिजेत असे नव्हते.

मग मूल जाई कसे? संस्थेचा कार्यकर्ता किंवा त्या देशाकडे निघालेला एखादा स्वयंसेवक त्याला सोबत नेई. या व्यक्तीला ‘एस्कॉर्ट’ म्हणत. कधी एकाच विमानात एका एस्कॉर्टबरोबर दोन-तीन मुले असत. परक्या विमानतळावर, कित्येक तासांच्या प्रवासानंतर, मूल प्रथमच आपल्या आईवडिलांच्या हाती दिले जाई. या सगळ्या काळात ते कायद्याने कोणाचेच अपत्य नसे. ते होते केवळ एक ‘पाल्य’. परदेशातील प्रक्रिया अर्धवट राहिली तर त्याचे नागरिकत्वही लटकत राही. अमेरिकेत लहानपणी दत्तक गेलेल्या काही परदेशी मुलांना, पालकांनी कागद पूर्ण न केल्यामुळे, प्रौढपणी हद्दपारीला तोंड द्यावे लागले. तेथील २००० चा बाल नागरिकत्व कायदा २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू झाला आणि पुढच्या मुलांचा प्रश्न बव्हंशी सुटला. त्या दिवशी ज्यांचे वय १८ किंवा त्याहून अधिक होते ते मात्र त्यात बसले नाहीत.

लक्ष्मीकांत पांडे खटला

१९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. दत्तकाच्या नावाखाली कोवळ्या वयाच्या भारतीय मुलांना दूरदेशीच्या भयंकर प्रवासाला धाडले जाते, त्यांच्या जिवाला धोका असतो, आणि जी वाचतात त्यांचे पुढे हाल होतात, अशी ती तक्रार होती. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्या. पी. एन. भगवती यांनी दिलेला निकाल हा भारतातील आंतरदेशीय दत्तकाचा पाया ठरला. या सगळ्या कायद्याची सुरुवात मुलांच्या प्रवासाबद्दलच्या तक्रारीतून झाली, हे सहसा विसरले जाते.

निकालाने ठरवले की परदेशी अर्जदार थेट येऊ शकणार नाही. त्याच्या देशातील मान्यताप्राप्त संस्थेने त्याच्या घराची, आर्थिक स्थितीची व स्वभावाची पाहणी करून शिफारस केली पाहिजे. मुलासाठी आधी भारतीय कुटुंब शोधायचे. जन्मदात्या आईवर दबाव आणायचा नाही आणि तिला फेरविचाराला मुदत द्यायची. न्यायालयात आलेले प्रत्येक प्रकरण स्वतंत्र सामाजिक संस्थेने तपासायचे. मुंबई उच्च न्यायालयात हे काम इंडियन कौन्सिल ऑफ सोशल वेल्फेअर करीत असे. पुढे १९९० मध्ये केंद्र सरकारने केंद्रीय दत्तक संसाधन संस्था, म्हणजेच ‘कारा’, स्थापन केली. २०१५ च्या कायद्याने तिला प्राधिकरणाचा वैधानिक दर्जा मिळाला.

हेग करार

२९ मे १९९३ रोजी हेग येथे झालेल्या आंतरदेशीय दत्तकविषयक कराराला भारताने २००३ मध्ये मान्यता दिली. १ ऑक्टोबर २००३ पासून तो भारतात लागू आहे. प्रवासाच्या दृष्टीने त्यातील १९ वे कलम महत्त्वाचे : मुलाचे स्थलांतर सुरक्षित व योग्य परिस्थितीत व्हावे, आणि शक्य असेल तर दत्तक पालकांच्या सोबतीने व्हावे. करारात ‘शक्य असेल तर’ आहे. भारताने आपल्या कायद्यात ती सवलत ठेवली नाही. २३ व्या कलमानुसार दत्तकाचे अनुरूपता प्रमाणपत्र, म्हणजे दत्तक कराराप्रमाणे झाल्याचा दाखला, मिळते आणि करारातील सर्व देश ते दत्तक आपोआप मान्य करतात. विमानात बसणारे मूल आता कोणाचे तरी कायदेशीर अपत्य असते.

प्रवासाआधी

पालक तिकीट काढतात तोवर बहुतेक काम झालेले असते. मूल कायदेशीररीत्या दत्तकासाठी मुक्त झाल्याचे बाल कल्याण समितीने जाहीर केल्यावर ६० दिवसांत भारतातील किंवा अनिवासी भारतीय पालक मिळाले नाहीत, तर ते आंतरदेशीय दत्तकासाठी खुले होते. अपंगत्व असलेली मुले, एकत्र राहू इच्छिणारी भावंडे आणि पाच वर्षांवरील मुले यांना आंतरदेशीय दत्तकात प्राधान्य देता येते. यामागे एक कडू वास्तव आहे. देशात तीस हजारांहून अधिक पालक रांगेत उभे असताना दुभंगलेल्या ओठाचे, हृदयाला छिद्र असलेले किंवा फक्त सात वर्षांचे असलेले मूल येथे नाकारले जाते आणि त्याला घर सापडते ते सातासमुद्रापार. कारा-च्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये एकूण ४,००९ दत्तके झाली, त्यांपैकी ४४९ आंतरदेशीय होती. २०२४-२५ मध्ये एकूण ४,५१५ पैकी ४,१५५ देशांतर्गत होती.

मुलाचा अहवाल व वैद्यकीय तपासणीचे कागद कारा-च्या ‘केअरिंग्ज’ या संकेतस्थळावरून पालकांकडे जातात. पालक ते आपल्या डॉक्टरांना दाखवतात आणि स्वीकृती कळवतात. मग दोन्ही देशांची संमती, कारा-चे ना-हरकत प्रमाणपत्र आणि दत्तकाचा आदेश. हा आदेश पूर्वी न्यायालय देत असे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, १ सप्टेंबर २०२२ पासून, तो जिल्हा दंडाधिकारी देतात, आणि त्यावर विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. आदेशानंतर दत्तक पालकांच्या नावाचा जन्मदाखला आणि त्या दाखल्यावर पासपोर्ट निघतो. यांतला कुठला कागद कधी अडेल हे सांगता येत नाही. त्यामुळे फोटोत पाहिलेले मूल दोन वर्षांचे असते आणि प्रत्यक्ष भेटते तेव्हा चार वर्षांचे, असेही होते. लहान मुलाच्या आयुष्यात हा उशीर फार मोठा आहे आणि व्यवस्थेने त्याची खंत बाळगायला हवी.

ना-हरकत प्रमाणपत्र मिळाल्यावर, आदेश व्हायच्या आत पालक भारतात आले, तर मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी त्यांच्याकडे देता येते. मात्र आदेशाआधी त्याला देशाबाहेर नेता येत नाही.

भारतातील दिवस

पालकांचा मुक्काम साधारण दोन-तीन आठवड्यांचा असतो. दिल्ली किंवा मुंबईला उतरून ते मुलाच्या गावी जातात. ते पुणे-नागपूर असेल, किंवा नकाशावर कष्टाने सापडणारे जिल्ह्याचे ठिकाणही असेल.

चांगल्या संस्था या भेटीची तयारी आधीच करून घेतात. पालकांनी पाठवलेला फोटोंचा अल्बम मुलाला रोज दाखवला जातो : ही आई, हे बाबा, हा कुत्रा, ही तुझी खोली. व्हिडिओ कॉल होतात. सांभाळणाऱ्या बाईला महाराष्ट्रातील संस्थांत मुले बहुधा ‘मावशी’ म्हणतात आणि सामाजिक कार्यकर्तीला ‘ताई’. मुलाच्या दृष्टीने घर म्हणजे मावशी, शेजारच्या खाटेवरचा मित्र, ठरावीक वेळेचा वरणभात. ते सगळे सोडून त्याने अनोळखी गोऱ्या माणसांबरोबर जायचे असते. म्हणून पहिल्याच दिवशी मूल हॉटेलवर न नेता, दोन-तीन दिवस पालकांनी संस्थेतच येऊन बसावे, भरवावे, खेळावे, झोपवावे आणि मग न्यावे, हा क्रम सर्वांत बरा. काही पालक घाई करतात, काही संस्थाही करतात. त्याची किंमत मूल मोजते.

निरोपाच्या दिवशी काही ठिकाणी मुलाचे औक्षण होते, नवे कपडे घातले जातात, पेढे वाटले जातात. मुलाबद्दल जे जे ठाऊक आहे ते लिहून घेण्याची हीच वेळ : ते सापडले ती जागा, त्याला नाव कोणी ठेवले, कशाला घाबरते, काय खाल्ले की उलटी होते, झोपताना कोणते गाणे लागते. जाणकार पालक मावशींना हे दुभाष्यामार्फत विचारतात, त्यांच्यासोबत फोटो काढतात, आणि मुलाचे जुने फ्रॉक-झबले न धुता मागून घेतात, कारण त्या वासाने त्याला झोप लागते.

पहिल्या रात्री मूल रडते, किंवा अजिबात रडत नाही. दुसरे अधिक काळजीचे. एका पालकाला बिलगून दुसऱ्याला जवळही येऊ न देणे, ताटातले अन्न खिशात लपवणे, दिवसभर हसून रात्री किंचाळत उठणे, हे सारे नेहमीचे आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाची भाषा तयार झालेली असते. पालक ‘पाणी’, ‘भूक’, ‘शू’, ‘दुखतंय का’, ‘मी आहे’ एवढे मराठी आधीच शिकून आलेले असले तर पहिला आठवडा खूप सुसह्य होतो.

उरलेले दिवस व्हिसात जातात. अमेरिकेला जाणाऱ्या मुलाचा दत्तक-व्हिसा नवी दिल्लीतील दूतावासातून होतो, त्यासाठी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे तपासणी होते. त्यामुळे महाराष्ट्रातल्या मुलाचा पहिला विमानप्रवास अनेकदा दिल्लीचाच असतो. करारानुसार भारतात पूर्ण दत्तक झालेले मूल अमेरिकेत प्रवेश करताक्षणी तेथील नागरिक होते. भारत सोडताना त्याच्या हातात भारतीय पासपोर्ट असतो.

परदेशस्थ मराठी कुटुंबे

अनिवासी भारतीयांना देशातील पालकांच्या बरोबरीने रांगेत स्थान आहे. आखातात किंवा हेग करार लागू नसलेल्या अन्य देशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांची गृहपाहणी व अर्ज भारतीय दूतावासामार्फत होऊ शकतो. या पालकांना भाषेची अडचण नसते. पण दुसरी एक चूक त्यांच्याकडून सहज होते : गावाकडे नात्यातले मूल मांडीवर घेतले, नोंदणीकृत दत्तकपत्र केले, म्हणजे आता मूल नेता येईल असा समज. तसे नाही. हिंदू दत्तक कायद्याखालील दत्तकपत्र असले, तरी मूल परदेशी नेण्यासाठी कारा-चे प्रमाणपत्र लागते, आणि २०२१ पासून त्यासाठी स्वतंत्र कार्यपद्धती आहे. वैध आदेशाशिवाय मूल देशाबाहेर नेणे हा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही, अशा शिक्षेचा गुन्हा आहे.

गैरव्यवहार आणि देखरेख

आंतरदेशीय दत्तकात परकीय चलन येते. संस्थेला द्यायची अधिकृत रक्कम ५,००० डॉलर आहे. जेथे पैसा येतो तेथे मुले ‘मिळवण्याचा’ मोह होतो. पुण्यातील प्रीत मंदिर या संस्थेच्या व्यवहारांची केंद्रीय अन्वेषण विभागाकडून २०१० मध्ये चौकशी झाली, आणि त्यानंतर मुलांची निवड संस्थेच्या हातातून काढून संगणकीय यादीवर नेण्याची गरज सर्वांना पटली. २०१७ मध्ये टेक्सासमध्ये, बिहारमधून दत्तक गेलेल्या तीन वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. पालक भारतीय वंशाचेच होते. दत्तकानंतरचे अहवाल पहिल्या वर्षी दर तिमाहीस आणि दुसऱ्या वर्षी सहामाहीस पाठवावे लागतात. या घटनेने ते केवळ कागद भरण्यासाठी नसतात हे दाखवून दिले.

जगभर हा ओघ आटत चालला आहे. अमेरिकेत २००४ मध्ये सुमारे २३,००० मुले परदेशांतून दत्तक आली होती. अलीकडे ही संख्या वर्षाला दोन हजारांच्याही खाली आहे. चीनने २०२४ मध्ये परदेशी दत्तक जवळपास पूर्ण बंद केले. नेदरलँड्सनेही त्याच वर्षी ही पद्धत टप्प्याटप्प्याने संपवण्याचे जाहीर केले.

उलटा प्रवास

एस्कॉर्टबरोबर गेलेली ती मुले आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि त्यांतील अनेक जण पुणे-मुंबईत येऊन आपली जन्मकहाणी शोधतात. दत्तक नियमांत या शोधाला मान्यता आहे : १८ वर्षांवरील व्यक्ती स्वतः, आणि त्याखालील मूल पालकांसह, संस्थेकडे किंवा कारा-कडे माहिती मागू शकते, त्रयस्थाला ती मिळत नाही, आणि मूल सोपवताना आईने गुप्तता मागितली असेल तर तिच्या संमतीखेरीज तिचे नाव उघड करता येत नाही. अडचण कायद्यापेक्षा दप्तराची अधिक आहे. कित्येक जुन्या नोंदींत एक तारीख आणि ‘सापडलेले मूल’ एवढाच मजकूर आहे, काही संस्था बंद झाल्या आहेत, आणि त्या काळच्या मावशींपैकी फार थोड्या हयात आहेत. आज दत्तक देणाऱ्या संस्थांनी प्रत्येक मुलाची सविस्तर नोंद, फोटो आणि सांभाळणाऱ्यांची नावे जपून ठेवली, तर पुढच्या पिढीला तरी विचारायला जागा राहील.