टॉमकॅट : सुरू व बंद करण्याची पद्धत

जावा वेब-ॲप्लिकेशने चालवणारा, युनिक्स व लिनक्सवर सर्रास वापरला जाणारा सर्व्हर. काटेकोर अर्थाने हा सर्व्हलेट कंटेनर (वेब-विनंत्यांना उत्तर देणारे जावा घटक, म्हणजे सर्व्हलेट, चालवणारा); व्यवहारात त्याला ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणतात. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी लिहिलेला मूळ प्रोग्रॅम १९९९ च्या सुमारास अपाचे या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेकडे आला. कॅटालिना हा आजचा गाभा मात्र चौथ्या आवृत्तीपासूनचा आहे.

‘बिन’ फोल्डरमधील ‘स्टार्टअप’ ही स्क्रिप्ट स्वतः फारसे काही करत नाही. ती ‘कॅटालिना’ स्क्रिप्टला ‘स्टार्ट’ सांगते. प्रोसेस बॅकग्राउंडला जाते आणि प्रॉम्प्ट लगेच परत येतो. त्यावरून सर्व्हर सुरू झाला असे समजू नये. ‘कॅटालिना.आउट’ लॉगमध्ये ‘सर्व्हर स्टार्टअप इन’ ही ओळ शोधावी. वेब-विनंत्या ऐकणारा ८०८० पोर्ट आधीच व्यापलेला असेल, तर लॉगमध्ये एरर येते, पण प्रोसेस साधारणपणे जिवंत राहते. बंद करण्याचा आदेश ऐकणारा ८००५ पोर्ट व्यापलेला असेल, तर सर्व्हर वर येऊन लगेच बंद पडतो.

‘शटडाउन’ स्क्रिप्ट दुसरी, अल्पायुषी जावा प्रोसेस उभी करते. ती ‘सर्व्हर.एक्सएमएल’ वाचून त्याच मशिनवरील ८००५ पोर्टला ‘शटडाउन’ हा शब्द पाठवते. मशिनवरील कोणालाही हा शब्द पाठवता येतो. म्हणून पोर्टचे मूल्य -१ करून हा मार्ग बंद ठेवतात आणि सिग्नलने (ऑपरेटिंग सिस्टिममार्फत प्रोसेसला दिली जाणारी क्रमांकित सूचना) काम भागवतात. मेमरीचे व जेएमएक्सचे (जावा प्रोसेसवर देखरेख ठेवण्याची सोय) पर्याय ‘जावा_ऑप्ट्स’मध्ये लिहिणे ही नेहमीची चूक. हे पर्याय थांबवणाऱ्या प्रोसेसलाही लागू होतात, ती तोच जेएमएक्स पोर्ट मागते आणि एरर देऊन मरते. सर्व्हर चालूच राहतो. असे पर्याय ‘कॅटालिना_ऑप्ट्स’मध्ये, ‘सेटएन्व्ह’ फाइलीत द्यावेत.

‘कॅटालिना_पीआयडी’ (प्रोसेसचा क्रमांक ठेवणारी फाइल) ठरवून दिल्यास ‘स्टॉप’ ५ सेकंद वाट पाहते आणि ‘फोर्स’ जोडल्यास त्यानंतर सिग्नल ९ देते. पोर्ट सुटूनही प्रोसेस रेंगाळत असेल, तर बहुधा ॲप्लिकेशनने सुरू केलेला एखादा नॉन-डीमन थ्रेड (जो संपेपर्यंत जावा प्रोसेस बंद होत नाही) संपलेला नसतो. अशा वेळी आधी सिग्नल ३ द्यावा, म्हणजे थ्रेड-डंप (प्रत्येक थ्रेड त्या क्षणी काय करत आहे याची नोंद) लॉगमध्ये उतरतो. सिग्नल १५ ने शटडाउन हुक (बंद होताना आवराआवर करणारा कोड) चालतात, ९ ने चालत नाहीत. अर्धवट लिहिलेल्या फाइली मागे राहण्याचा धोका तिथेच असतो.

सिस्टमडीखाली (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारी प्रणाली) काही जण ‘स्टार्टअप’ स्क्रिप्ट व ‘फोर्किंग’ हा सेवा-प्रकार जोडतात. ‘कॅटालिना’ स्क्रिप्टचा ‘रन’ आदेश व ‘सिम्पल’ हा प्रकार ही जोडी अधिक ग्राह्य वाटते : प्रोसेस फोरग्राउंडला राहत असल्याने सिस्टमडीला तिचा क्रमांक फाइलीतून शोधावा लागत नाही. सिग्नल १५ ने थांबलेली जावा प्रोसेस १४३ (१२८ + १५) हा एक्झिट कोड देते. तो यशस्वी म्हणून नोंदवला नाही, तर व्यवस्थित थांबलेली सेवाही ‘फेल्ड’ दिसते. थांबण्याची मुदत मुळात ९० सेकंद असते.

सिस्टमडीचे हेच काम फ्रीबीएसडीत आरसी-स्क्रिप्ट आणि सोलॅरिसमध्ये एसएमएफ (तिथली सेवा-व्यवस्थापन प्रणाली) करतात.