लाजवून सवय सुटते का?

मधुमेहाच्या रुग्णांना घरी तपासलेली साखर वहीत लिहून आणायला सांगतात. १९८४ साली अमेरिकेत काही रुग्णांना प्रत्येक आकडा साठवून ठेवणारं मीटर दिलं गेलं. ते आकडे साठवतं, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. पुढे वही आणि मीटर शेजारी ठेवून पाहिलं, तर वह्यांमध्ये कधी न केलेल्या तपासण्यांचे आकडे निघाले आणि मीटरमधले काही आकडे वहीत आलेच नव्हते. वहीतली साखर खऱ्या साखरेपेक्षा बरी दिसत होती. हे रुग्ण खोटारडे होते, असं म्हणून विषय संपवता येईल. पण वही पाहणाऱ्याच्या कपाळावर आठी पडेल ही धास्ती नसती, तर स्वतःच्याच आजाराचे खोटे आकडे लिहायचे कोणी आणि कशासाठी?

वजन करताना आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा पुकारणं, ड्रेसिंग सोडताना ‘पुन्हा पाणी लागू दिलंत ना?’ असं दरडावणं, ‘लहान मुलं आहेत घरात, तरी सिगारेट ओढता?’ असं विचारणं, हे नर्सिंगमध्ये सर्रास चालतं. त्यामागे बहुतेक वेळा दुष्टावा नसतो. वेळ थोडा असतो, रुग्ण पुष्कळ असतात, आणि चार शब्द टोचून बोललं की माणूस सुधारेल असा मनापासूनचा समज असतो. या समजाला विद्वानांचाही आधार मिळालेला आहे. अमेरिकी नीतितज्ज्ञ डॅनियल कॅलहान यांनी २०१३ साली लठ्ठपणा आटोक्यात आणण्यासाठी सौम्य प्रमाणात सामाजिक लाजेचा दबाव वापरावा, असं उघडपणे मांडलं होतं. त्यावर बरीच टीका झाली.

हाती असलेला पुरावा बहुतांशी उलट दिशेला जातो. इंग्लंडमध्ये पन्नाशीच्या पुढच्या सुमारे तीन हजार लोकांची वजनं चार वर्षांच्या अंतराने पाहिली गेली. वजनावरून अपमानाची वागणूक मिळते असं सांगणाऱ्यांचं वजन सरासरी ०.९५ किलोने वाढलं होतं, इतरांचं ०.७१ किलोने घटलं होतं. अशा पाहणीतून कारण-परिणाम पक्का ठरत नाही, हे खरं. पण लाजवल्यामुळे वजन उतरतं असं म्हणायला तिथे जागाच उरत नाही.

शरीरात काय होतं, याचाही काही अंदाज आहे. सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी या मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली प्रयोगशाळेतल्या तणावाचे २०८ अभ्यास एकत्र तपासले. लोक आपल्याला जोखताहेत आणि आपल्या हातात काहीच नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की कॉर्टिसॉल हे तणावाचं संप्रेरक सर्वाधिक वाढतं, असं त्यांना दिसलं. दवाखान्यात बोलणी खाणाऱ्या माणसाची अवस्था नेमकी हीच असते.

अर्थात, डॉक्टरांच्या बोलण्याने लाज वाटली आणि त्यानंतर आपण सुधारलो, असं सांगणारे रुग्णही आहेत. मानसशास्त्र इथे एक महत्त्वाचा भेद करतं. ‘मी चुकीचं वागलो’ ही बोच वागण्यापुरती असते, आणि वागणं बदलता येतं. ‘मी माणूसच वाईट’ ही लाज मात्र अख्ख्या माणसावर पडते. तिच्यापासून सुटायचं तर लपायचं, खोटं बोलायचं किंवा दवाखान्याची पायरीच चढायची नाही. अडचण अशी, की बोलणाऱ्याने पहिलं म्हणायचं ठरवलं तरी ऐकणाऱ्याला दुसरंच ऐकू येऊ शकतं. लठ्ठपणा किंवा व्यसनावरून आयुष्यभर टोमणे खाल्लेल्या माणसाला तर हमखास. म्हणून ‘थोडीशी लाज’ हे औषध मोजून देता येईल, यावर माझा विश्वास नाही.

लपवण्याची किंमत कधीकधी अवयवाने मोजावी लागते. मधुमेहात पायाच्या नसा बधिर झाल्या असतील तर तळव्याची जखम दुखत नाही. न दुखणारी जखम, आणि ती दाखवली की बोलणी बसणार ही खात्री. मग माणूस मोजा चढवतो आणि दिवस ढकलतो. जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेल्यावर येतो, तेव्हा बोट वाचवणंही कठीण झालेलं असतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली दारूच्या समस्येवर मदत घेणाऱ्यांच्या मुलाखती बारकाईने तपासल्या. समुपदेशक जितका आरोपाच्या सुरात बोलला, तितकं त्या माणसाचं पिणं वर्षभरानंतर जास्त असल्याचं दिसलं. मिलर यांनी रुजवलेल्या प्रेरक संवादाच्या पद्धतीत रुग्णाच्या तोंडूनच बदलाची कारणं येऊ द्यायची असतात. अनेक ठिकाणी नर्सेसना हे शिकवलं जातं.

त्यातला प्रश्न विचारण्याचा भाग मला सर्वात मोलाचा वाटतो. ‘गोळ्या नियमित घेता ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हे एकच अब्रू राखणारं उत्तर आहे. ‘बऱ्याच जणांच्या गोळ्या अधूनमधून राहतात. गेल्या आठवड्यात तुमच्या किती राहिल्या?’ असं विचारलं की माणूस मोकळा होतो. दोन-तीन राहिल्या, रात्रीच्याच, कारण त्या घेतल्या की मळमळतं, असं सांगतो. मग नर्सला ती गोळी जेवणानंतर घेऊन चालेल का, की बदलूनच द्यावी लागेल, हे डॉक्टरांना विचारता येतं.