बडोद्याचे बंब आणि 15 वर्षांचा हिशेब

बडोद्याच्या बंबांचं, म्हणजे आग विझवणाऱ्या गाड्यांचं बोलायचं तर संस्थानी काळाचं थोडक्यातच सांगतो. 1890 च्या दशकात आजवा तलावाचं पाणी नळाने शहरात आलं, त्याआधी आग लागली की विहिरी आणि तलाव एवढाच आधार. बंबांचा खरा विषय सुरू होतो तो 1965 मध्ये शहराजवळ कोयलीची तेल रिफायनरी चालू झाल्यावर, मग मकरपुऱ्याची जीआयडीसी म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहत, नंदेसरीचे केमिकल कारखाने. तेल पाण्यावर तरंगतं, नुसतं पाणी मारलं तर आग उलट पसरते, त्यामुळे साध्या बंबाच्या जोडीला फोम टेंडर म्हणजे फेस मारणाऱ्या गाड्या आणि पावडरच्या गाड्या लागायला लागल्या. नोव्हेंबर 2024 मध्ये कोयलीत बेन्झिनची टाकी पेटली तेव्हा ही गरज सगळ्यांनी पुन्हा पाहिली.

आता वादाचं बोलू. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षं झालेल्या सरकारी आणि पालिकेच्या गाड्यांचं रजिस्ट्रेशन रद्द होतं. सैन्य, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या खास गाड्यांना सूट आहे, बंबाचं नाव त्यात नाही. लोक म्हणतात अहो गाडी तर 40 हजार किलोमीटरसुद्धा चालली नाही, भंगारात कशाला? पण बंबाचा मीटर बघून काही कळत नाही. आगीच्या जागी गाडी उभी असते आणि तेच इंजिन पीटीओवरून, म्हणजे इंजिनाची ताकद पंपाकडे वळवणाऱ्या जोडणीवरून, पंप फिरवतं, तासन् तास, आणि किलोमीटरचा काटा जागचा हलत नाही. शिवाय 4,500 लिटरची टाकी कायम भरलेली, म्हणजे स्टेशनात नुसतं उभं असतानाही साडेचार टन वजन स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि टायरवर, आणि साध्या लोखंडाची टाकी असेल तर ती आतून गंजते ते वेगळंच. माझं स्पष्ट मत आहे की वर्षंही नको, किलोमीटरही नको, पंपाचे तास आणि टाकीची हालत बघून ठरवा. चांगला बंब तारीख उलटली म्हणून काढायचा आणि नवा येईपर्यंत स्टेशनात एक गाडी कमी, हे शहराला परवडणारं नाही.

बाकीचे बदल संकटांमागून आले. 24 मे 2019 ला सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये आगीत 22 जीव गेले, बहुतेक क्लासची मुलं, शिडी वरपर्यंत पोचली नाही. तिथून गुजरातभर उंच शिड्यांची आणि हायड्रॉलिक प्लॅटफॉर्मची (माणसांना वर उचलणाऱ्या पाळण्याच्या गाडीची) मागणी वाढली. 2019 आणि 2024 च्या बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या पुरात बंबापेक्षा रबरी बोटी जास्त कामाला आल्या. जुन्या शहरात मांडवीजवळच्या पोळांत, म्हणजे अरुंद गल्ल्यांच्या वस्त्यांत, मोठी गाडी वळतच नाही, तिथे मिनी टेंडर म्हणजे छोटा बंबच.

2020 मध्ये भायली, सेवासी, बिल, वेमाली वगैरे गावं शहरात आली आणि तिकडे टॉवर उभे राहतायत. प्लॅटफॉर्मची गाडी चार जॅक पसरून कडक जमिनीवर उभी करावी लागते. सोसायटीच्या आवारात खाली बेसमेंट आणि वर नुसते पेव्हर ब्लॉक असतील तर एवढं वजन तिथे आणताच येत नाही, आणि बिल्डिंगचा प्लॅन पास करतानाच हे तपासायला हवं.