निवडणूक आयोग दोन आहेत : कुठली माहिती कुठे तपासायची

निवडणुका जवळ आल्या की मोबाइलवर ‘आयोगाचा आदेश’, ‘आयोगाची यादी’, ‘आयोगाचं वेळापत्रक’ यांची रीघ लागते. त्यातला सगळा गोंधळ काही अफवा पसरवणाऱ्यांनी घातलेला नसतो. महाराष्ट्रात मतदान घेणारे आयोग दोन आहेत आणि बातमी वाचताना आपण त्यांतला कुठला हे बघतच नाही, हेही त्याचं मोठं कारण आहे. एकाच्या संकेतस्थळावर दुसऱ्याची माहिती शोधायची आणि ती मिळाली नाही की ‘लपवून ठेवलीय’ असं म्हणायचं, हे प्रत्येक निवडणुकीत होतं. राजकारणाच्या बातम्या मनापासून वाचणारी माणसंही यात अडकतात.

भारत निवडणूक आयोग २५ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाला. संविधानाच्या अनुच्छेद ३२४ नुसार लोकसभा, राज्यसभा, विधानसभा, विधान परिषद, राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती या निवडणुका त्याच्याकडे आहेत. राज्य निवडणूक आयोग आला तो ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर. अनुच्छेद २४३-के आणि २४३-झेडए नुसार ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत सगळ्या स्थानिक संस्थांच्या निवडणुका त्याच्याकडे असतात. महाराष्ट्रात तो १९९४ पासून काम करतो.

राज्य निवडणूक आयोग ही दिल्लीतल्या आयोगाची शाखा नाही. दिल्लीहून त्याला आदेश येत नाहीत आणि त्याच्या निर्णयावर दिल्लीत अपीलही होत नाही. राज्य निवडणूक आयुक्ताची नेमणूक राज्यपाल करतात, पण त्याला पदावरून काढायचं तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासारखीच प्रक्रिया लागते. नोकरीत असलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे हे पद देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये गोव्याच्या प्रकरणात ठणकावून सांगितलं, कारण तिथे राज्याच्या विधी सचिवाकडेच या पदाचा अतिरिक्त कार्यभार दिलेला होता.

गोंधळात भर घालणारं तिसरं नाव म्हणजे ‘मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र’. नाव राज्याचं, कार्यालय मुंबईत, त्यामुळे हेच राज्य निवडणूक आयोगाचे प्रमुख असावेत असं वाटतं. प्रत्यक्षात हे पद भारत निवडणूक आयोगाच्या अखत्यारीतलं आहे. विधानसभेच्या मतदारयादीबद्दल यांचं संकेतस्थळ उत्तम आहे, महापालिकेच्या प्रभागांबद्दल तिथे काही शोधू नका. जिल्ह्यात आणि तालुक्यात तर दोन्ही प्रकारच्या निवडणुकांत बऱ्याचदा तेच महसूल अधिकारी आणि तेच शिक्षक काम करताना दिसतात. माणसं तीच दिसल्यावर काम वेगवेगळ्या आयोगांसाठी चाललंय हे कुणाच्या लक्षात येणार?

या सगळ्यात सर्वांत जास्त मनस्ताप होतो तो मतदारयादीवरून, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर सांगतो. नवं नाव नोंदवणं, वगळणं, पत्ता बदलणं ही कामं फक्त भारत निवडणूक आयोगाच्या यंत्रणेत होतात. नव्या नावासाठी अर्ज क्रमांक ६, एखाद्या नावावर हरकत घेण्यासाठी किंवा ते वगळण्यासाठी ७, दुरुस्ती आणि स्थलांतरासाठी ८. हे अर्ज आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा अ‍ॅपवर भरता येतात, नाहीतर मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे बीएलओकडे द्यायचे. राज्य निवडणूक आयोग महाराष्ट्रात स्वतःची वेगळी यादी बनवत नाही. तो ठरावीक तारखेला अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागांनुसार किंवा गटा-गणांनुसार, म्हणजे जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या मतदारसंघांनुसार, विभागली जाते. या विभागणीचं प्रारूप प्रसिद्ध होतं आणि हरकती मागवल्या जातात.

हरकत कशावर घेता येते हे नीट समजून घ्यायला हवं. विधानसभेच्या यादीत नाव आहे पण प्रभागाच्या यादीतून गळलं, किंवा शेजारच्या प्रभागात गेलं, किंवा लेखनिकाची चूक झाली, तर ते दुरुस्त होतं. पण विधानसभेच्या यादीतच नाव नसेल तर या टप्प्यावर कितीही अर्ज करा, ते येणार नाही. मागच्या स्थानिक निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. म्हणजे ऑगस्टमध्ये रीतसर नोंदणी होऊन ओळखपत्र मिळालेल्या मतदाराला जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेसाठी मत देता आलं नाही. त्याच्या हातातलं ओळखपत्र खरं, भारत निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर दिसणारं नावही खरं, तरी केंद्रावरच्या यादीत नाव नाही. असा माणूस चिडला तर त्यात त्याची चूक नाही. ही तारीख त्याला वेळेवर कळायला हवी होती आणि ती ठळकपणे पोहोचवणं हे आयोगाचं आणि आम्हा लिहिणाऱ्यांचंही काम होतं.

दुबार नावांचा वादही इथूनच उकलतो. नाव वगळण्याचा अधिकार राज्य आयोगाकडे नसल्याने त्याने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले आणि अशा मतदाराने कुठल्या केंद्रावर मत देणार हे सांगावं, अशी पद्धत ठेवली. ‘आयोगाने दुबार नावं का काढली नाहीत’ हा प्रश्न रास्त आहे, फक्त तो दुसऱ्या आयोगाला विचारायचा आहे. आणि नाव शोधताना एक लक्षात ठेवा : भारत निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर दिसतो तो विधानसभेचा यादी भाग आणि तिथलं मतदान केंद्र. महापालिकेसाठी प्रभाग, अनुक्रमांक आणि केंद्र वेगळं असू शकतं, ते राज्य आयोगाच्या किंवा महापालिकेच्या यादीतच पाहायचं.

तारखांचंही असंच आहे. विधानसभेची मुदत पाच वर्षांची. २०२४ मध्ये मतदान २० नोव्हेंबरला झालं, मोजणी २३ नोव्हेंबरला. तिथे पत्रकार परिषदेत जाहीर झालेलं वेळापत्रक सहसा तसंच पार पडतं. स्थानिक निवडणुकांचं वेळापत्रक मात्र प्रभागरचना, आरक्षणाची सोडत आणि न्यायालय यांच्यावर अवलंबून असतं. मुंबई महापालिकेसाठी फेब्रुवारी २०१७ मध्ये मतदान झालं, मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि पुढचं मतदान झालं १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या काळात ओबीसी आरक्षणाचा खटला होता, प्रभागसंख्येत बदल होत होते, शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं. नगरपरिषदांचं तर मतदान २ डिसेंबर २०२५ ला झालं तरी, दुसऱ्या दिवशी ठरलेली मोजणी उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे २१ डिसेंबरवर गेली. ज्यांनी नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेलं वेळापत्रक जपून ठेवलं होतं, त्यांच्याकडचा कागद अस्सल असूनही जुना झाला होता. म्हणून स्थानिक निवडणुकीचा मागोवा घेताना राज्य आयोगाच्या संकेतस्थळासोबत महापालिकेचं संकेतस्थळ, नगरविकास विभागाच्या अधिसूचना आणि न्यायालयाचे आदेश हेही बघावे लागतात. प्रभागांचे नकाशे आणि सोडतीचे निकाल तर बहुतेक वेळा महापालिकेच्या संकेतस्थळावरच आधी सापडतात.

मतदान यंत्रांबद्दल थोडक्यात. विधानसभेला व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी सात सेकंद काचेआड दिसते. महाराष्ट्रातल्या मागच्या स्थानिक निवडणुकांत व्हीव्हीपॅट वापरलं नव्हतं. मुंबई सोडली तर बहुतेक महापालिकांत एका प्रभागातून तीन-चार नगरसेवक निवडायचे असतात, त्यामुळे मतदार एकाच वेळी अनेक बटणं दाबतो. व्हीव्हीपॅटच्या तक्रारीचा एखादा व्हिडिओ महापालिकेच्या ‘मागच्या निवडणुकीतला’ म्हणून पुढे आला तर तो तिथला असणं शक्य नाही, एवढं या एका माहितीवरून ठरतं. चिठ्ठी नसावी हे मला स्वतःला पटत नाही, पण तो वेगळा वाद.

आचारसंहिता दोन्हीकडे असते, तक्रारीची वाट मात्र वेगळी. सी-व्हिजिल ही ऑनलाइन तक्रारीची सोय भारत निवडणूक आयोगाची आहे. लोकसभा-विधानसभेच्या वेळी त्यावर फोटो किंवा व्हिडिओसह तक्रार टाकली की शंभर मिनिटांत कारवाईची अपेक्षा असते. महापालिकेच्या प्रचारात पैसे वाटताना कुणी दिसलं आणि तुम्ही तिथे तक्रार केली, तर ती योग्य टेबलावर पोहोचणार नाही. ती प्रभागाच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे किंवा त्या निवडणुकीसाठी नेमलेल्या आचारसंहिता कक्षाकडे द्यायची. खर्चाची मर्यादाही निराळी : लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख रुपये या महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यांसाठीच्या २०२२ मधल्या मर्यादा आहेत, नगरसेवकासाठीची मर्यादा राज्य आयोग ठरवतो.

उमेदवाराची संपत्ती, शिक्षण, गुन्हे यांची माहिती शपथपत्रात मिळते. खासदार-आमदारांची शपथपत्रं भारत निवडणूक आयोगाच्या वेगळ्या पोर्टलवर आहेत, आणि १९९९ मध्ये स्थापन झालेल्या एडीआर (असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स) या संस्थेच्या ‘मायनेता’ संकेतस्थळावर ती कोष्टकांत मांडलेली सापडतात. पत्रकारांचं काम त्यामुळे फार सोपं झालंय. नगरसेवकांचीही शपथपत्रं असतात, पण मिळवायला जास्त खटपट करावी लागते, आणि माझ्या मते मतदाराच्या रोजच्या आयुष्याशी त्यांचाच संबंध जास्त असतो.

आता निकाल. विधानसभेच्या मोजणीच्या दिवशी भारत निवडणूक आयोगाचं निकालांचं संकेतस्थळ फेरीगणिक आकडे देतं. वाहिन्यांवरचे आकडे अनेकदा त्याच्या पुढे पळतात, कारण त्यांचे प्रतिनिधी मोजणी केंद्रांवरून थेट कळवत असतात. अधिकृत आकडा संकेतस्थळावरचाच. पुढे नमुना २० मध्ये केंद्रनिहाय मतंही मिळतात. गावात कुणी कुणाला साथ दिली याचा अभ्यास करायचा तर त्याच्याइतका चांगला कागद नाही.

ग्रामपंचायतींच्या निकालाच्या दिवशी मात्र एक वेगळीच गंमत बघायला मिळते, नव्हे, ती गंभीर गोष्ट आहे. संध्याकाळपर्यंत प्रत्येक पक्ष ‘आम्हीच पहिल्या क्रमांकावर’ असं सांगतो आणि सगळ्यांचे आकडे एकत्र केले तर ते एकूण ग्रामपंचायतींपेक्षाही जास्त भरू शकतात. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. त्यामुळे राज्य आयोगाच्या निकालात कुठला सरपंच कुठल्या पक्षाचा याची नोंदच नसते. ‘अमुक पक्षाने इतक्या ग्रामपंचायती जिंकल्या’ ही बातमी म्हणजे त्या पक्षाचा दावा किंवा वार्ताहराचा अंदाज. ती तशी लिहिली असेल तर ठीक, पण आलेखात घालून टक्केवारी काढलेली दिसली तर त्यावर विश्वास ठेवू नका. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपरिषद, महापालिका इथे पक्षचिन्हं असतात, तिथे पक्षनिहाय आकडे तपासता येतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला आदेश खरा की खोटा हे बघायची सोपी सुरुवात वरच्या कोपऱ्यातून होते. राज्य आयोगाच्या आदेशाचा क्रमांक ‘रानिआ’ या अक्षरांनी सुरू होतो आणि पुढे संस्थेचा प्रकार, वर्ष, प्रकरण क्रमांक असतो. क्रमांक आणि तारीख नसलेला आदेश पुढे पाठवू नये. क्रमांक असला तरी तो संकेतस्थळावरच्या आदेशांत शोधून ताडून पाहावा, कारण अक्षरं कुणीही टंकू शकतं. आयोगाची प्रसिद्धिपत्रकं राज्य माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या ‘महासंवाद’वरही येतात. भारत निवडणूक आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये खोट्या दाव्यांना उत्तरं देणारी नोंदवही ऑनलाइन सुरू केली, लोकसभा-विधानसभेबद्दलचे पुन्हा पुन्हा फिरणारे दावे तिथे आधी बघावेत.

जुन्या निकालांच्या बाबतीत दोन आयोगांत सर्वांत मोठा फरक जाणवतो. १९५१-५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीपासूनचे सांख्यिकी अहवाल भारत निवडणूक आयोगाकडे ऑनलाइन आहेत. स्थानिक निवडणुकांची इतकी सलग मांडणी कुठे नाही, आणि महापालिकांची संकेतस्थळं नव्याने बांधली की जुने दुवे बंद पडतात. आपल्या प्रभागाची अंतिम यादी, नकाशा, उमेदवारांची शपथपत्रं आणि निकालपत्र यांच्या पीडीएफ निवडणूक चालू असतानाच उतरवून, नावात तारीख घालून ठेवा.