वाडे, पुण्यातील

वाडे, पुण्यातील : पेशवाईत (१७१३–१८१८) आकाराला आलेला आणि एकोणिसाव्या शतकात पेठापेठांतून पसरलेला चौकबंद निवासी वास्तुप्रकार. पुण्याची ओळख शनिवारवाड्यासारख्या मोजक्या स्मारकांवरून सांगण्याचा प्रघात आहे. परंतु जुन्या शहराचे रूप घडवले ते गल्लीकडे जवळजवळ बंद भिंत आणि दिंडी दरवाजा असलेल्या साध्या वाड्यांनी. त्यांच्या सलग रांगेतूनच पेठेतील रस्त्याला रस्त्यापण आले.

वाड्याच्या उगमाविषयी एकमत नाही. काहींच्या मते दख्खनी वस्त्यांत पूर्वापार चालत आलेल्या, अंगणाभोवती बांधलेल्या घराचा तो विस्तार होय. इतर अभ्यासक उत्तरेतील स्वाऱ्यांवर गेलेल्या सरदारांनी राजपूत व मोगल हवेल्यांचा घाट इकडे आणला असे मानतात. कमानदार महिरपी, सुरूच्या आकाराचे खांब व चौकातील कारंजी या दुसऱ्या मताला पुष्टी देतात. मात्र ही सारी अलंकरणाची अंगे आहेत. ओसरी, सोपा, माजघर, देवघर हा क्रम देशावरील साध्या घरांतही आढळतो. म्हणून आराखडा स्थानिक आणि नटवणूक बाहेरची, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. अठराव्या शतकापूर्वीचा, मूळ रूपात टिकलेला वाडा पुण्यात जवळजवळ नाहीच, शहाजीराजांच्या काळातील लालमहालाच्या (सु. १६३०) जागी आज दिसते ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील नवी रचना आहे.

बांधणीचे मोजमाप खणात होई. खण म्हणजे दोन खांबांमधील अंतर, सामान्यतः पाच फुटांच्या आसपास. काळ्या पाषाणाच्या जोत्यावर सागवानी खांब, त्यांवर तुळया व कडीपाट (कड्यांवर फळ्या बसवून केलेले छत) असा सांगाडा उभारून मधल्या भिंती विटांनी भरत. घाण्यात मळलेला चुना विटा बांधण्यास व गिलाव्यास वापरत. छपराचा व मजल्यांचा भार मुख्यतः लाकडावर असल्याने भिंत ढासळली तरी वरचा मजला तगून राही. याच गुणामुळे आगीपुढे मात्र वाडा हतबल ठरे. श्रीमंतांच्या वाड्यांत एकापाठोपाठ एक चौक असत. पुढचा कारभारासाठी, आतले कुटुंबासाठी.

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी. दोन्ही दिवस शनिवारचे. जुन्नरचे सागवान, चिंचवडचा दगड व जेजुरीचा चुना वापरल्याचे सांगितले जाते. दगडी काम खालच्या भागापुरतेच का राहिले, हा वादाचा मुद्दा आहे. प्रचलित आख्यायिकेनुसार पूर्ण दगडी वास्तूचा मान छत्रपतींचा असल्याची तक्रार साताऱ्याकडून आली आणि वरचे काम विटांत करावे लागले. मराठी राज्यातील अधिकारांची उतरंड ही कथा नेमकी सांगते, आणि पुणेकरांच्या आठवणीत ती टिकली तीही बहुधा त्यामुळेच. तथापि खाली दगड व वर वीट-लाकूड ही तेव्हाची रूढ पद्धतच होती. इतर सरदारांचे वाडेही असेच आहेत. तेव्हा कारण आज्ञेपेक्षा बांधणीच्या परंपरेत शोधणे बरे. १८२८ मधील आगीत आतील महाल नष्ट झाले. तट, बुरूज, पाच दरवाजे व जोती एवढेच उरले.

दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा. सुरूचे खांब व दर्शनी भागावरील कोरीव सागवानी काम यांसाठी तो ख्यात आहे. १८२१ मध्ये येथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. डेक्कन कॉलेजची मुळे तिच्यात आहेत. १८७९ च्या आगीत विश्रामबागवाड्याचा काही भाग जळाला, तर पेशव्यांचा बुधवारवाडा संपूर्ण गेला. लोकमान्य टिळकांनी १९०५ मध्ये घेतलेला गायकवाडवाडा ‘केसरीवाडा’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

बुधवार पेठेतील भिडेवाडा शिल्पदृष्ट्या सामान्य, पण तेथे १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. वास्तूचे मोल केवळ कोरीव कामावरून ठरवण्याच्या सवयीला या वाड्याइतके ठोस उत्तर नाही. मालकी व भाडेकरूंच्या दीर्घ न्यायालयीन वादानंतर, स्मारकासाठी म्हणून तो डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. स्मारक आवश्यकच होते. पण मूळ भिंती गेल्या ही हानी भरून येणारी नाही.

वाड्यांच्या ऱ्हासाची कारणे बरीचशी कायद्यात आहेत. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. भाड्यातून डागडुजीचा खर्चही निघेना. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला धरणे फुटल्यावर आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतील असंख्य वाडे कोसळले. पुढे चटईक्षेत्राच्या (भूखंडावर किती बांधता येईल त्या मर्यादेच्या) हिशेबाने उरलेल्यांच्या जागी इमारती आल्या. दुसरीकडे, प्राचीन स्मारकांविषयीच्या केंद्रीय कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे. शनिवारवाड्याभोवतीच्या जुन्या घरांची पुनर्बांधणी त्यामुळे अडली, मात्र त्यांच्या जतनासाठी या तरतुदीतून मालकांना कोणतेही अर्थसाहाय्य मिळत नाही.

पुण्याबाहेर वाईजवळील मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा व नाशिकचा सरकारवाडा ही याच परंपरेची उल्लेखनीय उदाहरणे होत.