वाचनातली अडचण: जनुकांची किती, घराची किती?

डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला शिकण्यातली चिवट अडचण, घराण्यात चालतो हे खरं, पण घराण्यात चालणारं सगळंच जनुकांतून येत नाही. मातृभाषाही घरातूनच मिळते. सख्ख्या भावंडांना जनुकं आणि घर दोन्ही सामाईक असतात, म्हणून नुसती भावंडं तपासून हा गुंता सुटत नाही. तिथे जुळी कामी येतात. एकयुग्मज (एकाच फलित बीजापासून झालेल्या) जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी असतात. द्वियुग्मजांची (दोन वेगळ्या फलित बीजांपासून झालेल्यांची) मात्र साध्या भावंडांइतकीच, म्हणजे सरासरी निम्मी जुळतात.

हिशेबाची रीत डीफ्राइझ आणि फुल्कर या संशोधकांनी १९८५ मध्ये मांडली. समजा, वाचन चाचणीत सर्वसाधारण मुलांची सरासरी १०० आणि अडचण असलेल्या जुळ्यांची ७०, म्हणजे तूट ३०. आता त्यांच्या जोडीदारांचे, म्हणजे जोडीतल्या दुसऱ्या भावंडांचे, गुण बघायचे. एकयुग्मज जोडीदार सरासरी ७३ वर, म्हणजे तूट २७ (०.९ पट). द्वियुग्मज ८२ वर, तूट १८ (०.६ पट). फरक ०.३. तो निम्म्या जनुकांमुळे पडला, म्हणून दुप्पट करायचा: ०.६. म्हणजे या गटाच्या तुटीतला ६० टक्के वाटा जनुकांचा, ३० टक्के (०.९ वजा ०.६) सामाईक घर-शाळेचा आणि उरलेला १० टक्के प्रत्येकाच्या वेगळ्या अनुभवाचा व मोजमापातल्या चुकांचा. आकडे सोयीसाठी घेतलेत. प्रत्यक्ष अभ्यासांतही जनुकांचा वाटा साधारण निम्मा किंवा थोडा जास्तच निघतो.

गणित बिघडू शकतं ते जोडी कोणत्या प्रकारची हे ठरवताना. दिसण्यावरून 'एकसारखी' म्हटलेली जुळी डीएनए तपासणीत द्वियुग्मज निघाली, तर फरक पुसट होतो आणि जनुकांचा वाटा कमी दिसतो.

'६० टक्के' हा आकडा त्या गटाचा आणि तिथल्या परिस्थितीचा असतो, कुणा एका मुलाचा नव्हे. (बातम्यांमध्ये नेमकं हेच निसटतं.) स्कँडिनेव्हियात औपचारिक वाचन उशिरा शिकवतात. तिथल्या जुळ्यांच्या अभ्यासात बालवाडीच्या वयात मुलांमुलांतल्या फरकात घराचा वाटा मोठा होता. पहिलीत सगळ्यांना सारखं शिकवणं सुरू झाल्यावर जनुकांचा वाटा वाढला. मुलं तीच, जनुकं तीच.

शिवाय 'डिस्लेक्सियाचं जनुक' असं एखादं नाहीच. २०२२ च्या मोठ्या अभ्यासात जनुकसंचातल्या ४२ जागा सापडल्या, प्रत्येकीचा परिणाम अगदी किरकोळ. त्यामुळे एका मुलाचं भाकीत जनुकचाचणीपेक्षा घरच्या इतिहासावरून जास्त बरं होतं: आईवडिलांपैकी कुणाला किंवा सख्ख्या भावंडाला डिस्लेक्सिया असेल, तर अशा १० मुलांपैकी साधारण ४-५ जणांना तो होतो. म्हणून मोठ्याचं निदान झालं की धाकट्याच्या नापास होण्याची वाट बघू नये. पाचव्या-सहाव्या वर्षी विचारून बघावं, 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरतं? पुन्हा पुन्हा समजावूनही 'मळ' येत नसेल, तर अक्षर-ध्वनीचा सराव तेव्हाच सुरू करावा.